परमुलखातला विद्यार्थी आणि घरचा हिशेब
(आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र)



मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची आहे, तुम्हीही काही लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणी हातात धरायची ती वाण्याची यादी करायला, नाहीतर भिशीचा हिशेब मांडायला. थोरामोठ्यांची चरित्रे लिहिणे हे शिकल्यासवरल्या बायांचे काम. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात एक पेच पडला, आणि तो सोडवता सोडवता एका थोर पुरुषाचे चरित्र माझ्या हाती आले. वाचनालयातून आणलेले ते पुस्तक मी रोज दुपारी, घरातले आवरून झाल्यावर, थोडे थोडे करून वाचले. त्यातून मला जे कळले, तेवढेच येथे सांगते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आधी पेच सांगते. आमची थोरली मुलगी बारावी झाली. आपण सोपाऱ्यातली माणसे. बुरूड राजाच्या कोटाजवळून आपण रोज जातो-येतो, पण त्या टेकाडात काय होते याचा विचार आपल्यातल्या किती जणी करतात? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उघडला. आत दगडी पेटी निघाली. त्या पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धाच्या आठ लहान मूर्ती सापडल्या. आमच्या मुलीने शाळेत असताना हे ऐकले आणि तेव्हापासून तिच्या मनाने घेतले की, आपण जुन्या वास्तू आणि उत्खनन यांचाच अभ्यास करायचा. मुंबईत एकदोन ठिकाणी तो विषय होता, परंतु तेथे तिचा नंबर लागला नाही.

मग बाहेरच्या राज्यांचा विचार सुरू झाला. बाहेरचे राज्य म्हटले की माझ्या पोटात गोळाच येतो. माझा पुतण्या असाच एका परराज्यातील खाजगी महाविद्यालयात गेला होता. दलालाने घरी येऊन रंगीत पुस्तक दाखवले, त्यात फी अगदी बेताची होती. तेथे गेल्यावर कळले की, बाहेरून आलेल्या मुलांना वेगळी रक्कम, वसतिगृह सक्तीचे, जेवण सक्तीचे, आणि दुसऱ्या वर्षी सगळेच वाढणार. दिरांनी कर्ज काढून एक वर्ष रेटले आणि मुलगा परत आला. पैसे गेले ते गेलेच, पण मुलाचा हिय्या गेला त्याचे आम्हांला जास्त वाईट वाटले.

आमच्या मुलीने मात्र दलालाचे तोंड पाहिले नाही. तिने स्वतः शोध घेतला. केंद्र सरकारची जी विद्यापीठे आहेत, त्यांच्यासाठी २०२२ सालापासून एक सामाईक प्रवेशपरीक्षा होते. तेथे आपला मुलगा महाराष्ट्राचा की बिहारचा हे पाहून फी कमीजास्त करीत नाहीत, सर्वांना एकच. तिने परीक्षा दिली आणि तिचे नाव काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात लागले. पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली स्थापन केलेले ते विद्यापीठ. फी आमच्या आवाक्यातली होती. पण फी म्हणजेच सर्व खर्च नव्हे. राहणे, जेवणे, पुस्तके, थंडीचे कपडे, वर्षातून दोनदा येणेजाणे, हे सगळे पुढे उभे राहिले. आमचे हे गोखिवऱ्याला कारखान्यात कामाला आहेत. धाकटी आठवीत आहे. सासूबाई म्हणाल्या की, मुलीच्या जातीला इतक्या लांब कशाला धाडायचे. जाऊबाईंनी पुतण्याची आठवण काढली. मी गप्प राहिले.

मी गप्प राहिले त्याला कारण होते. माझे माहेर वेंगुर्ले तालुक्यातले. मी सातवी झाले तेव्हा आमच्या थोरल्या भावाला शिकायला कोल्हापुरास ठेवायचे ठरले. एकाच मुलाचा खर्च झेपण्यासारखा होता. मला कोणी शाळेतून काढले असे नाही, फक्त आठवीची पुस्तके आणली गेली नाहीत. भाऊ शिकला, चांगला निघाला, मला त्याचा अभिमान आहे. परंतु कोणी लांब शिकायला निघाले की घरात मागे राहणाऱ्याचे काय होते, हे मला ठाऊक होते, आणि आता माझी धाकटी आठवीत होती.

अशा मनःस्थितीत मी वाचनालयात गेले असता तेथील बाईंनी माझे सर्व ऐकून घेतले आणि एक जुने पुस्तक माझ्या हाती दिले. त्याचे नाव ‘निवेदन’. आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ती आत्मकथा. काशीला फुकट शिकलेला आपल्याकडचा एक विद्यार्थी यात भेटेल, असे त्यांनी सांगितले. तो खरोखरच भेटला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. आपल्या वसईवरही दोनशे वर्षे त्यांचेच राज्य होते. आपले १७३९ साली चिमाजीअप्पांनी संपवले, गोव्याचे १९६१ पर्यंत चालले. म्हणजे धर्मानंद शिकायला निघाले ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नव्हे, तर एका राजाच्या मुलखातून दुसऱ्या राजाच्या मुलखात.

घरी माडांची बागायत होती, परंतु पैसा जेमतेम. गावात मराठी शिक्षण मिळेल तेवढे थोडे त्यांनी घेतले. पुढे शिकायचे तर सोय नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणे कोवळ्या वयातच त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. माडांना पाणी दाखवावे, घरचे पाहावे, असे दिवस चालले होते. पण वाचनाचा नाद फार. हाती पडेल ते मराठी पुस्तक ते वाचीत. अशातच मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात त्यांनी गौतम बुद्धाचे चरित्र वाचले, आणि त्या एका वाचनाने त्यांच्या आयुष्याचे पारडे फिरले. बुद्धाचा धर्म नीट समजून घ्यायचा, मग त्यासाठी वाटेल ते कष्ट पडोत, असा त्यांनी निश्चय केला.

निश्चय करणे सोपे, पण शिकवणार कोण? बुद्धाचा धर्म जाणणारा गोव्यात कोणी नव्हता. निदान संस्कृत यायला हवे, पण तेही शिकवणारा जवळ नव्हता. घर सोडण्याचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता. १८९८ साली वडील वारले. १८९९ साली पहिली मुलगी झाली, तिचे नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, मुलगी काही महिन्यांची असताना, धर्मानंद घराबाहेर पडले.

पुस्तक वाचताना मी येथे थांबले. दोन दिवस पुढे वाचले नाही. थोर माणसाला नावे ठेवण्याची माझी योग्यता नाही. परंतु पाळण्यातले मूल, डोक्यावर सासरा नाही, आणि नवरा परमुलखात निघून गेलेला, अशी ती बाई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तिसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उघडले, ते निम्मे धर्मानंदांसाठी आणि निम्मे बाळाबाईंसाठी.

धर्मानंद प्रथम पुण्यास गेले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या थोर पंडितांची भेट झाली, प्रार्थना समाजातील मंडळींची ओळख झाली. थोडे दिवस संस्कृताचा अभ्यास झाला. पण पुण्यात ते स्थिर झाले नाहीत. ग्वाल्हेरच्या वाटेने १९०० साली ते काशीस पोहोचले. हाती पैसा नाही, ओळख नाही, अंगावर थंडीपुरते कपडेही धड नाहीत.

आता काशीचे तेव्हाचे शिक्षण कसे चालत असे ते सांगते, कारण त्यातच सारी गोम आहे. तेथे मोठमोठे शास्त्री आपल्या पाठशाळेत विद्यार्थ्यांना शिकवीत आणि त्याबद्दल काही घेत नसत. विद्या विकायची नाही, हा त्यांचा नेम. विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी संस्थानिकांनी आणि सावकारांनी अन्नछत्रे घातलेली असत. तेथे दिवसातून एकदा पान मिळे. राहायला कोणाच्या वाड्यात, घाटावर, एखाद्या मठात जागा मिळे. म्हणजे फी माफ, जेवण माफ, राहणे माफ. मुलाने फक्त पाठांतर करायचे आणि उरलेल्या वेळी पोटातल्या भुकेकडे लक्ष द्यायचे नाही. धर्मानंदांनी तेथे गंगाधरशास्त्री तेलंग आणि नागेश्वरपंत धर्माधिकारी अशा विद्वानांकडे व्याकरणाचा अभ्यास केला. अन्नछत्रात जेवून, काशीची कडाक्याची थंडी सोसून, त्यांनी दोनएक वर्षांत संस्कृताचा पाया घातला.

परंतु संस्कृत हा त्यांचा मुक्काम नव्हता, ती वाट होती. बुद्धाचा धर्म कोठे शिकायला मिळेल, हा प्रश्न उरलाच होता. कोणीतरी सांगितले नेपाळात मिळेल, म्हणून १९०२ साली ते नेपाळास गेले. वाट डोंगराची, पायी चालण्याची. तेथे जाऊन पाहतात तो त्यांना हवे होते तसे काहीच नाही. निराश होऊन परतले, पण घरी गेले नाहीत. बुद्धगयेस गेले. तेथे कळले की, बुद्धवचने पाली भाषेत आहेत आणि पाली शिकायची तर सिंहलद्वीपास, म्हणजे आताच्या श्रीलंकेस, गेले पाहिजे. मग कलकत्त्यास येऊन महाबोधी सभेच्या मदतीने ते त्याच वर्षी सिंहलद्वीपास गेले.

कोलंबोला विद्योदय नावाचे विद्यालय होते. १८७३ साली ते स्थापन झालेले. त्याचे मुख्य सुमंगलाचार्य हे फार मोठे विद्वान भिक्षू. धर्मानंदांनी त्यांच्याजवळ राहून पालीचा अभ्यास केला आणि तेथेच ते श्रामणेर झाले. येथेही शिकवण्याचे पैसे नव्हते. भिक्षूंच्या अन्नाची सोय गावचे लोक करीत. पण परमुलखातले अन्न सर्वांनाच मानवते असे नाही. तेथील जेवण धर्मानंदांना सोसेना, प्रकृती ढासळू लागली. वसतिगृहातून आपल्या मुलांचे फोन येतात आणि आई, येथील जेवण घशाखाली उतरत नाही असे सांगतात, तेव्हा त्यांना सांगावे की, हे दुःख फार जुने आहे.

येथे मला आपल्या गावाचा अभिमान वाटला ती गोष्ट सांगते. सिंहली लोकांच्या जुन्या इतिहासग्रंथात असे सांगितले आहे की, त्यांचा पहिला राजा विजय हा लंकेस पोहोचण्याआधी आपल्या सोपाऱ्याच्या बंदरात उतरला होता. आणि पाली ग्रंथांत सोपाऱ्याच्या बाहिय नावाच्या एका तपस्व्याची कथा आहे. लोक त्याला मोठा साधू मानीत, भरपूर दान देत. पण आपल्याला खरे ज्ञान झालेले नाही हे कळताच तो सोपारा सोडून थेट श्रावस्तीपर्यंत बुद्धाला विचारण्यासाठी गेला. म्हणजे शिकण्यासाठी सोपाऱ्याहून उत्तरेकडे निघालेली आमची मुलगी काही पहिली नव्हे. हे मी घरी सांगितले तेव्हा सासूबाई प्रथमच थोड्या हसल्या.

सिंहलद्वीपाहून धर्मानंद मद्रासमार्गे ब्रह्मदेशात गेले. तेथे विहारात राहून त्यांनी अभ्यास आणि ध्यान केले. पुढे भारतात येऊन बुद्धाची पवित्र स्थाने पाहत हिंडले. १९०६ साली ते कलकत्त्यास आले, आणि जो मुलगा शिकवणारा शोधत वणवण फिरला, तोच आता पाली शिकवू लागला. त्याच साली ते गोव्यास घरी गेले. घर सोडून सात वर्षे होत आली होती. माणिक सात वर्षांची झाली होती. १९०७ साली मुलगा झाला, त्याचे नाव दामोदर. पुढे मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

कलकत्त्यास मानाची नोकरी होती. पण आपण शिकलो ते आपल्या मराठी माणसांना मिळाले पाहिजे, ही त्यांची तळमळ. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०८ साली त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की, महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्याचा जास्त पगार सोडून त्यांनी हे ५० रुपये पत्करले. विद्वानांना हा त्याग वाटतो. मला तो त्याग वाटलाच, पण चार माणसांच्या घरात कमी पैशात चूल कशी पेटवायची हा हिशेब कोणी केला असेल, हेही मनात आले.

१९१० साली त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. ‘विसुद्धिमग्ग’ नावाचा बौद्ध धर्माचा मोठा पाली ग्रंथ आहे. त्याची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम तेथे अर्धवट राहिले होते. गावच्या शाळेत थोडेबहुत शिकलेला, एकही पदवी नसलेला हा माणूस त्या कामासाठी सातासमुद्रापलीकडे गेला. तेथील प्राध्यापकांशी श्रेयावरून मतभेद झाले तेव्हा त्यांनी मान तुकवली नाही, १९१२ साली परत आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे त्यांनी पाली शिकवली. त्यांच्या हाताखालून पालीचे चांगले अध्यापक तयार झाले. या अभ्यासासाठी आता मराठी मुलांना सिंहलद्वीपास जाण्याची गरज उरली नाही. जी वाट शोधताना स्वतःचे पाय फुटले, ती त्यांनी दुसऱ्यांसाठी पुण्यात आणून ठेवली.

१९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस निघाले, आणि या खेपेस त्यांनी जे केले ते वाचून मी पुस्तक छातीशी धरले. त्यांनी माणिकला आणि दामोदरला बरोबर नेले. जी मुलगी काही महिन्यांची असताना ते घर सोडून गेले होते, तीच एकोणीस वर्षांची माणिक वडिलांबरोबर अमेरिकेस गेली आणि हार्वर्डजवळच्या रॅडक्लिफ या मुलींच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन आली. दामोदरही पुढे हार्वर्डमध्येच शिकून १९२९ साली पदवीधर झाले. गणित आणि इतिहास या दोन्ही विषयांत त्यांचे नाव जगात झाले. आणि योग पाहा. अमेरिकेहून येऊन दामोदर कोसंबी पहिल्यांदा शिकवायला लागले ते काशीच्याच हिंदू विश्वविद्यालयात. ज्या गावात बाप अन्नछत्राच्या पंगतीत बसला, त्याच गावात मुलगा अध्यापक झाला.

पण १९१८ सालीही बाळाबाई मागेच राहिल्या, दोन लहान मुलींना घेऊन.

पुढचे चरित्र थोडक्यात सांगते. १९२२ साली धर्मानंद परत आले आणि महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात शिकवू लागले. १९२९ साली रशियात लेनिनग्राड येथेही त्यांनी काम केले. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात ते शिरोड्यास गेले आणि तुरुंगवास भोगला. शिरोडे माझ्या माहेरचेच, त्या मिठागरांजवळून आम्ही लहानपणी जत्रेला जात असू, पण हे नाव तेथे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला, गरिबांना धर्म समजावा म्हणून. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९४० च्या सुमारास निघाला, तो पुढे अनेक भाषांत गेला. शेवटी शरीर थकले. आता आपल्या हातून काम होणार नाही, मग दुसऱ्यांवर भार कशाला, असे वाटून सेवाग्राम येथे त्यांनी अन्न सोडले आणि जून १९४७ मध्ये देह ठेवला. जो माणूस परान्नावर शिकला, त्याने अखेरीस कोणाचे अन्न फुकट खायचे नाही असे ठरवले. ‘विसुद्धिमग्गा’ची ती प्रत हार्वर्डहून निघाली ती १९५० साली, म्हणजे त्यांच्या पश्चात.

त्यांच्या मृत्यूनंतर गांधीजींनी त्यांच्या स्मरणार्थ पालीच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्तीची योजना केली, विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठवावे म्हणून. पुतळ्यापेक्षा हे स्मारक मला फार आवडले. बिनपैशाने परदेशी शिकलेल्याच्या नावाने दुसऱ्या कोणाची वाट सोपी व्हावी, याहून योग्य काय?

असे हे चरित्र. आता त्यातून मी काय घेतले ते सांगते.

शिक्षणाच्या खर्चाचे तीन रकाने असतात. पहिला फीचा. दुसरा राहण्या-खाण्याचा आणि येण्याजाण्याचा. तिसरा रकाना कोणी मांडत नाही, तो घरी राहणाऱ्यांचा. दलाल फक्त पहिला रकाना दाखवतो, म्हणून आमचा पुतण्या फसला. धर्मानंद काशीस आणि कोलंबोस शिकले तेव्हा पहिला रकाना शून्य होता, दुसराही जवळजवळ शून्य होता. त्या शिक्षणाची सारी किंमत तिसऱ्या रकान्यात पडली, आणि ती बाळाबाईंनी चुकती केली. नवऱ्याने आत्मकथा लिहिली, बाळाबाईंनी लिहिली नाही. म्हणून त्यांचा हिशेब मांडायचा राहून गेला. धर्मानंदांना मी दोष देत नाही. ते गेले नसते तर आपल्याला बुद्ध मराठीत कळला नसता, आणि त्यांनी लेकीला अमेरिकेपर्यंत नेऊन आपल्या परीने फेड केली. परंतु आज आपल्याला निवड करता येते. मूल लांब शिकायला जावे, पण त्याची किंमत घरातल्या एकाच माणसाने निमूटपणे देऊ नये.

मी हे पुस्तक रात्री थोडे थोडे मोठ्याने वाचून दाखवू लागले होते. सासूबाईंचे यजमान, म्हणजे माझे सासरे, बोटीवर खलाशी होते, वर्षवर्ष घरी नसत. बाळाबाईंचा भाग आला तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी विचारले की, त्या सात वर्षांत त्या बाईचे पाणी कोण भरीत असेल. मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर आणखी एक दिवस गेला आणि त्यांनी विचारले, काशीला गाडी कोठून सुटते, आणि पोरगी येताना गंगेचे पाणी आणू शकेल का. तेव्हाच मी ओळखले की, मुलीचे जाणे ठरले.

मग आम्ही सर्वांनी एका रात्री बसून वहीत तीन रकाने आखले. पहिल्या दोहोंसाठी मुलीने माहिती काढली. वसतिगृह मिळाले तर किती, न मिळाले तर बाहेर खोली आणि खानावळ किती, दोन्ही लिहिले, कारण वसतिगृह मिळेलच असे धरून चालता येत नाही. सुटीत घरी येताना विद्यार्थ्यांना रेल्वेभाड्यात सवलत असते, तिचा दाखला विद्यापीठातून घ्यायचा असतो. शिष्यवृत्तीचे एक लक्षात ठेवावे. आपल्या राज्याच्या काही शिष्यवृत्त्या मूल राज्याबाहेर गेले की मिळत नाहीत, म्हणून त्या मिळतील असे गृहीत न धरता आधी विचारून घ्यावे. एका वर्षाचा नव्हे, सर्व वर्षांचा आकडा काढावा.

तिसऱ्या रकान्यात आम्ही तीन गोष्टी लिहिल्या. धाकटीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवायचे, थोरलीसाठी त्याला हात लावायचा नाही. सासूबाईंच्या औषधाचे तसेच. आणि शेवटची गोष्ट लिहिताना माझा हात थरथरला, म्हणून ती यजमानांनी लिहिली. मी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे. शाळेत न जाता दहावी देण्याची ती सोय आहे. आठवीची जी पुस्तके माझ्यासाठी आणली गेली नाहीत, ती आता धाकटीची म्हणून घरात आहेतच. ती शाळेत गेली की मी उघडते. बीजगणित मला धाकटी शिकवते. इतिहासाच्या अडचणी थोरली फोनवरून सोडवते.

थोरलीला सोडायला आम्ही कल्याणला गेलो. तिच्या पिशवीत मी आगाशीची सुकेळी बांधून दिली होती. गाडी हलली तेव्हा मी रडले, हे सांगायला लाज नाही. आता ती काशीस रुळली आहे. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि महिनाअखेर खर्चाचा कागद येतो. कधी कागद उशिरा येतो, कधी आकडे चुकतात. मग मी रागे भरते.

शेवटी मंडळापुढे एक विनंती ठेवते. आपल्या गल्लीतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली बाहेर शिकायला निघतात, आणि प्रत्येक घर पहिल्यापासून ठेचा खाते. आपण मंडळात एक वही ठेवावी. ज्यांचे मूल बाहेर गेले आहे त्यांनी त्यात तीन रकाने भरावेत, फीचा, राहण्याचा आणि घरचा. नाव नको, फक्त ठिकाण, वर्ष आणि खरे आकडे. फसवणूक झाली असेल तर तीही लिहावी. धर्मानंदांना काशीपासून कोलंबोपर्यंत विचारत विचारत जावे लागले. आपल्या मुलांना निदान गल्लीच्या टोकापर्यंत तरी विचारायला जाता यावे. पहिले पान मी भरून देते.

माझी परीक्षा येत्या मार्चमध्ये आहे. पास झाले तर पुढच्या स्मरणिकेत माझ्या नावापुढे सातवी लिहू नका. नापास झाले तर पुन्हा बसेन.